मार्थाबाईला विसावा कधी?



आखाजी होऊन गेली. माहेरी आलेल्या लेकी परत सासरी गेल्या, निंबाला बांधलेले झोके सोडले, आणि आता अंगणाअंगणात बिबड्या आणि कुरडया वाळत पडल्यात. ऊन असं, की सकाळी दहालाच पाय भाजतात. तुम्ही आत्ता रेडिओ ऐकत असाल, तरी हात रिकामे नसतील. लसूण सोलत असाल, डाळ निवडत असाल, नाहीतर लेकराला थोपटत असाल. आम्हीही तेच करतो. आम्ही म्हणजे तुमच्या गटांच्या समन्वयक, धुळे-जळगावच्या गावांमधून पिशवीत रजिस्टरं घालून फिरणाऱ्या. आमच्यातल्या काही जणी ख्रिस्ती आहेत, काही नाहीत. आजचं बोलणं ख्रिस्ती आयांच्या अनुभवातून आलेलं आहे, पण सगळ्या जणी ऐका. थकवा काही जात-धर्म विचारून येत नाही.

आमच्यातल्याच एकीची गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही. ज्या ओळखतील त्यांनी गालातल्या गालात हसावं आणि गप्प बसावं.

तिला दोन लेकरं. मुलगी चौथीत, मुलगा बालवाडीत. नवरा केळीच्या गाडीवर ड्रायव्हर; सावद्याहून माल भरला की दिल्लीकडे जातो, आठ-आठ दिवस घरी नाही. घरात म्हाताऱ्या सासूबाई. पहाटे चारला उठायचं, पाणी भरायचं, भाकरी, डबे, शाळा, मग गटांच्या बैठका. संध्याकाळी परत चूल. त्यात मंडळीच्या स्त्रीसंघाची ती सेक्रेटरी. रविवारी उपासना, दुपारी पाळकांचं आणि पाहुण्यांचं जेवण, बुधवारी घरोघरची प्रार्थनासभा. तिला विचारलं, "कशी आहेस?" तर उत्तर ठरलेलं, "प्रभूच्या कृपेनं बरी आहे." हे म्हणताना ती दुसऱ्याच कामाकडे बघत असायची.

मागच्या वर्षी मार्चमध्ये, वर्ष अखेरच्या नोंदींची घाई चाललेली असताना, एका संध्याकाळी ती बैठकीहून स्कूटीवर परतत होती. रस्ता सरळ, समोर गाडी नाही, खड्डा नाही. चालवता चालवताच तिचा डोळा लागला. स्कूटी चारीत गेली. देवाची दया, की मागे लेक बसलेली नव्हती. एरवी गुरुवारी ती असते. डाव्या मनगटाचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. डॉक्टरांनी रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन साडेसात.

आता पुढचं ऐका, कारण बोलायचं आहे ते त्यावरच.

घर कसं चालणार? शेजारच्या गल्लीतल्या, गटातल्या बायका आल्या. कुणी वरण-बट्टी आणली, कुणी धुणं नेलं, कुणी मुलीची वेणी घातली. त्यांत मंडळीतल्या होत्या, तशा मंडळीबाहेरच्याही होत्या. आमच्या मैत्रिणीला ते सोसेना. उजवा हात मोकळा होता, म्हणून तिनं एक वही काढली आणि लिहायला बसली. सोमवार, अमक्या ताईकडून बट्टी. मंगळवार, धुणं. बुधवार, दळण आणून दिलं. हिशेब ठेवण्यात ती पटाईत. प्लास्टर निघालं की एकेक करून सगळ्यांचं फेडायचं, असा बेत.

गटातली सगळ्यात वयस्कर आजी भाकरी घेऊन आली तेव्हा वही उघडीच होती. आजीनं विचारलं, "हाई काय शे?" ही म्हणाली, "आजी, तुमचं सगळ्यांचं देणं लिहून ठेवतेय." आजी खाली बसली, फडकं सोडलं, कळण्याची भाकर आणि ठेचा पुढं केला आणि म्हणाली, "माले वाचता येत नहीं माय. तू कितलं बी लिख."

ती त्या दिवशी भाकरी खाताना रडली. आम्हाला हे तिनं स्वतः सांगितलं, आणि सांगताना परत रडली.

बचत गटाच्या बाईला देवाची कृपा समजावून घेणं जरा अवघडच जातं, असं आम्हाला वाटायला लागलंय. कारण आम्ही वर्षानुवर्षं एकच शिकवतो. घेतलं की परत करायचं. हप्ता ठरल्या तारखेला. उशीर झाला तर दंड. पासबुकावर लिहिलं नाही ते झालंच नाही. आणि हे शिकवतो ते बरोबरच आहे. त्या शिस्तीमुळेच सावकाराच्या ओट्यावर उभं राहायची वेळ टळली. पण पैशाच्या पेटीची शिस्त आपण नकळत देवाच्या दारीही घेऊन जातो. सकाळची प्रार्थना चुकली, म्हणजे हप्ता थकला. शास्त्र वाचायला घेतलं आणि झोप लागली, म्हणजे दुसरा थकला. लेकरावर ओरडलो, नवऱ्याला उलट बोललो, ते दंडाच्या खात्यात. मग लेकरू तापानं फणफणलं की मनात पहिला विचार येतो, देवानं दंड लावला. अशी थकबाकीदार बाई देवाजवळ विसावा घ्यायला कशी जाईल? ती तर बँकेच्या साहेबाला टाळावं तशी त्याला टाळते. नाहीतर आणखी जास्त सेवा करून थकबाकी भरायला बघते. आमची मैत्रीण हेच करत होती.

लूकच्या शुभवर्तमानात घर सोडून गेलेल्या धाकट्या मुलाची गोष्ट आहे. तो परत येताना वाटेत भाषण तयार करतो, की मला मुलगा म्हणू नका, मजुरीवर ठेवा. म्हणजे तोही फेडायच्याच हिशेबानं येतो. बाप त्याचं भाषण पुरतं ऐकूनसुद्धा घेत नाही. आधीच धावत येऊन गळ्यात पडलेला असतो आणि गड्यांना कपडे-अंगठी आणायला सांगतो. त्या बापाकडे वहीच नव्हती. आमच्या आजीसारखं.

आता मार्थाकडे येऊ. बेथानी गावातल्या दोघी बहिणी, मार्था आणि मरिया. येशू घरी येतो, मरिया त्याच्या पायाशी ऐकत बसते, मार्था स्वयंपाकघरात. ती येऊन तक्रार करते, की हिला जरा मला हात लावायला सांगा. या गोष्टीवर आम्ही लहानपणापासून किती उपदेश ऐकले असतील. बहुतेक उपदेशांत मार्थाला बोलणीच खावी लागतात. आणि उपदेश संपला की उपदेशक मार्थाच्याच हातचं जेवून जातात! (पाळकसाहेबांनी रागावू नये. आम्ही भाजीत मीठ बरोबर घालतो.)

पण ती गोष्ट नीट वाचली तर येशूनं तिला स्वयंपाक करू नको असं कुठं म्हटलेलं नाही. त्यानं तिचं नाव घेतलं, एकदा नाही, दोनदा. आपली आई आपल्याला डोक्यावरून हात फिरवून हाक मारते ना, तसं. आणि तिला एवढंच दाखवलं, की तू किती गोष्टींची काळजी एकाच वेळी वाहते आहेस. आता विचार करा, जो पाहुणा आलाय तोच म्हणतोय, माझ्यासाठी एवढी दगदग नको. सासरचं माणूस असं म्हणालेलं आम्ही तरी अजून ऐकलेलं नाही. आणखी एक राहून जातं. पुढं योहानाच्या शुभवर्तमानात त्यांचा भाऊ लाजर मरतो, तेव्हा गावाबाहेर येशूला सामोरी जाणारी हीच मार्था आहे. मरिया घरातच बसून असते. तूच ख्रिस्त, देवाचा पुत्र, असं मोठ्या विश्वासानं बोलणारीही हीच. म्हणजे कामाच्या बाईचा विश्वास कमी असतो असं काही नाही.

आम्हाला विशेष आवडते ती एलीयाची गोष्ट, जुन्या करारातल्या राजांच्या पहिल्या पुस्तकातली. मोठा संदेष्टा, पण राणीच्या भीतीनं रानात पळून गेला. एका झुडपाखाली बसला आणि देवाला म्हणाला, पुरे झालं, आता मला मरण दे. तुमच्यापैकी कुणीकुणी असं म्हटलेलं आहे, आम्हाला माहीत आहे. त्यावर देवानं त्याला रागवलं नाही. विश्वास कुठं गेला तुझा, असं विचारलं नाही. तो झोपला, त्याला झोपू दिलं. देवदूतानं उठवलं तेव्हा उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं होतं. खाल्लं, प्याला आणि परत झोपला. देवदूतानं दुसऱ्यांदा येऊन परत खायला घातलं. बोलणं, जाब विचारणं, नवं काम सांगणं, हे सगळं कितीतरी दिवसांनंतर. आधी झोप आणि भाकर. थकलेल्या बाईजवळ बसून वचनांची यादी वाचणाऱ्यांनी ही गोष्ट एकदा वाचावी.

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. "देवाच्या कृपेत विसावा घे" असं म्हणून बाईचं दुखणं झाकू नका. आमच्या मैत्रिणीच्या थकव्यात निम्मा थकवा रक्त कमी असल्याचा होता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या बायकांपैकी 54 टक्क्यांना रक्तक्षय निघाला. म्हणजे गटात दहा जणी असतील तर पाच जणी. लोहाच्या गोळ्या आरोग्य उपकेंद्रात मिळतात. जेवणानंतर घ्या, लगेच वर चहा पिऊ नका, चहानं लोह अंगी लागत नाही. रात्र रात्र झोप लागत नसेल, सारखं रडू येत असेल, जीव नकोसा होत असेल, तर प्रार्थना करा आणि डॉक्टरांकडेही जा. आणि घरात मारहाण होत असेल तर तिथं सोसत राहण्याला कृपा म्हणत नाहीत.

सुटीचंही तसंच आहे. आज रविवार म्हटला की सुटी, पण ती काही आपोआप आली नाही. मुंबईच्या गिरण्यांमधले कामगार आठवड्याचे सातही दिवस राबायचे. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी वर्षानुवर्षं झगडून मागणी लावून धरली, तेव्हा 10 जून 1890 रोजी गिरणी मालकांनी रविवारची सुटी मान्य केली. कामगाराला सुटी मिळाली. कामगाराच्या बायकोला रविवारी सगळे घरी म्हणून चार भाकरी जास्त थापाव्या लागल्या, हे वेगळं. आणि तेच अजून चालू आहे. सरकारनं 2024 साली लोकांच्या वेळेची पाहणी केली. त्यात घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी 289 मिनिटं त्या कामात घालवतात असं निघालं, आणि पुरुष 88 मिनिटं. म्हणजे बाईचे जवळजवळ पाच तास आणि पुरुषाचा दीड. तोही जे पुरुष घरकामाला हात लावतात त्यांचाच.

आपल्या खान्देशात बैलालासुद्धा पोळ्याचा दिवस आहे. आदल्या दिवशी खांदे मळायचे, हळद-तूप लावायचं, त्या दिवशी मानेवर जू ठेवायचं नाही. बायकांना आखाजी आहे. माहेरी जायचं, झोक्यावर बसायचं, गाणी म्हणायची, कुणी काम सांगायचं नाही. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींनी शेतात आणि घरोट्यावर काम करता करता गाणी रचली, त्यांत आखाजीवरही आहे. कामाचं मोल जाणणाऱ्या बाईलाच विसाव्याचंही मोल कळतं. पण आखाजी वर्षातून एकदा येते. देवानं इस्राएल लोकांना दर सात दिवसांनी एक दिवस दिला. मोशेच्या आज्ञांमध्ये त्याची यादीच आहे: तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, दास, दासी, बैल, गाढव, दारी राहणारा परका, कुणीच त्या दिवशी काम करायचं नाही. आणि कारण दिलंय, की तुम्ही मिसर देशात गुलाम होता हे आठवा. ज्याला सुटी घेताच येत नाही तो गुलाम. आता तुम्ही मोकळे आहात, म्हणून थांबा.

हे आम्ही एकदा स्त्रीसंघात वाचत होतो, तर साक्रीकडची एक बाई म्हणाली, "ताई, यात बैल आहे, गाढव आहे, बायको कुठंय?" सगळ्या हसल्या, पण प्रश्न खरा होता. आम्ही पुन्हा पुन्हा वाचलं. मग तीच म्हणाली, "ते 'तू' म्हटलंय ना, ते मलाच म्हटलंय." म्हणजे नवऱ्यानं परवानगी दिली तर विसावा, असं नाही. आज्ञा थेट तिलाच आहे.

आपल्या मराठी मुलखातली एक ख्रिस्ती आई आम्हाला फार जवळची वाटते, लक्ष्मीबाई टिळक. शाळेत गेलेल्या नाहीत, अक्षरओळख लग्नानंतरची. कवी नारायण वामन टिळक त्यांचे पती. त्यांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंवर आभाळच कोसळलं. लहान मुलाला घेऊन त्या नातलगांकडे राहिल्या, आणि काही वर्षांनी परत आल्या तरी सोवळं सुटलेलं नव्हतं. शिवाशिवीचं ते ओझं त्यांनी पुढं स्वतःच्या विचारानं खाली ठेवलं, कुणी जबरदस्ती केली म्हणून नाही, आणि मग त्या ख्रिस्ती झाल्या. टिळकांचा हात सढळ, घरात पैसा टिकायचा नाही, पण दुसऱ्यांची लेकरं मात्र भरपूर. आपल्या धरणगावचे बालकवी ठोमरे 1907 च्या जळगावच्या कविसंमेलनात गाजले आणि पुढं टिळकांच्या नगरच्या घरी राहिले. त्यांनाही लक्ष्मीबाईंनीच माया लावली. 1918 साली भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली बालकवी गेले. दुसऱ्या वर्षी टिळक गेले. टिळकांनी ख्रिस्तायन नावाचं मोठं काव्य लिहायला घेतलं होतं, ते सुरुवातीच्या अध्यायांतच राहिलेलं. ते पुरं केलं लक्ष्मीबाईंनी. त्यांची स्मृतिचित्रे वाचायला मिळाली तर जरूर वाचा, ग्रामपंचायतीच्या वाचनालयात मागा. एवढं सोसलेली बाई, पण पानोपानी हसवते, आणि जास्त करून स्वतःवरच हसते. आम्हाला वाटतं, त्यांचा विसावा तिथं होता. ज्या बाईला आपण चुकतो हे कबूल करायची लाज वाटत नाही, तिचं अर्धं ओझं उतरलेलं असतं. सगळं नीटच झालं पाहिजे, मीच केलं पाहिजे, मी नसले तर घर बुडेल, हे आपण डोक्यावर घेतलेलं असतं. देवानं ते दिलेलं नसतं.

आमच्या मैत्रिणीकडे परत येतो. प्लास्टर निघालं. वहीतलं देणं फेडायला ती निघाली नाही. वही अजून घरात आहे, रॉकेलच्या जुन्या डब्यामागं. तिनं काही गोष्टी बदलल्या. सगळ्या जमल्या असं नाही. स्त्रीसंघाचं सेक्रेटरीपद सोडलं. त्यावर दोघी-तिघी अजून नीट बोलत नाहीत. रविवारी पाहुण्यांना एकच भाजी आणि भात, असं स्त्रीसंघानंच ठरवलं, आणि भांडी तरुण मंडळाच्या पोरांनी घासायची. पहिल्या रविवारी पोरांनी पातेल्याला खरकटं तसंच ठेवलं होतं. बायका परत घासायला उठल्या, तर आजी म्हणाली, "ऱ्हाऊ द्या." (आजी मंडळीत येत नाही, पण त्या दिवशी जेवायला आली होती.) नवरा फेरीवरून आला की एक वेळची खिचडी करतो. करपते. लेकरं खातात.

गटाच्या मासिक बैठका आमच्याकडं रविवारी असायच्या, मजुरीला खाडा नको म्हणून. त्यामुळे ख्रिस्ती बायकांना उपासना सोडावी लागायची, नाहीतर दहा रुपये दंड. हे आमच्यापैकी कुणाच्या इतकी वर्षं लक्षातच आलं नाही, हे कबूल करायला हवं. आता त्या गटाची बैठक शनिवारी संध्याकाळी असते. तुमच्या गटात कुणाचा एकादशीचा, कुणाचा जुम्म्याचा, कुणाचा उपासनेचा वार असेल, तर एकदा विचारून घ्या.

ती आता रविवारी दुपारी एक ते तीन आडवी पडते. दार लोटलेलं, मोबाईल सासूबाईंकडे. सुरुवातीला तिला झोप यायची नाही, अपराध्यासारखं वाटायचं. डोळे मिटून ती फक्त एवढंच म्हणायची, "प्रभू, आज माझ्याकडे तुला द्यायला काही नाही." आणि पडून राहायची. ही प्रार्थना झाली का, असं तिनं आम्हाला विचारलं. आम्ही काय सांगणार? आम्ही म्हटलं, तुझा डोळा लागला का? ती म्हणाली, हो, कधी लागला कळलंच नाही. मुलीनं येऊन अंगावर चादर टाकली होती.

बरं, वेळ झाली. अंगणातल्या बिबड्या उलटवायच्या असतील, आमच्याही आहेत. पण आधी पाच मिनिटं बसा. सोललेला लसूण काही पळून जात नाही.